जाऊबाईंचा अर्धा पाव्हणा

उमरखेडात ज्याला दुपारची झोप निवांत घ्यायची असेल, त्यानं ती आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या नजरेआड घ्यावी. घरात, ओट्यावर, एस.टी. स्टँडच्या बाकावर, कुठंही माणूस मान कलती टाकून डोळे मिटलेला दिसला की जाऊबाई त्याच्यापुढं उभ्या राहतात, त्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवतात आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "ओ भाऊ! ठीक हाये ना?" एकदा ड्यूटी संपवून डुलकी घेत बसलेला एक कंडक्टर असा दचकून उठला, की त्यानं आधी तिकिटाचं मशीन काढलं आणि "कुठं जायचं?" म्हणून विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "कुठीच नाई. तुमी जिवंत हा, मंग झालं," आणि पुढच्या बाकाकडं वळल्या. आमचे सासरे होते तोवर तर त्यांनी झोपेतही पायाचा अंगठा हलता ठेवायची कला साधली होती. नव्वदीच्या घरातल्या माणसाला एवढा सराव करावा लागला, त्याचं मला वाईट वाटायचं. पण जाऊबाईंना पटकन कळायचं आणि त्या पुढं जायच्या, हेही खरं.

जाऊबाई नर्स. उभी नोकरी त्यांनी सरकारी दवाखान्यांत केली आणि निवृत्त होऊन पंधरा दिवस घरात बसल्या. त्या पंधरा दिवसांत त्यांनी आमच्या घरातल्या सगळ्यांचं बी.पी. इतक्या वेळा मोजलं, की शेवटी ते खरोखरच वाढलं. सोळाव्या दिवशी यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यातून फोन आला. तिथले डॉक्टर एक अभ्यास करत होते आणि त्यांना इकडची बोली बोलणारी, अनुभवी सिस्टर हवी होती. अभ्यासाचा प्रश्न साधा होता. घरात कुणाचं हृदय अचानक बंद पडलं, तर जवळ फक्त घरचं माणूस असतं आणि अँब्युलन्स यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्या घाबरलेल्या माणसानं छाती दाबत राहायला हवं. फोनवरून त्याला ते सांगायचं, तर कोणत्या शब्दांत? पुस्तकी मराठीत की वऱ्हाडीत? कोणत्या शब्दांनी हात लवकर आणि नीट चालतात? "हे कोनालेच माहीत नाई," जाऊबाईंनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं, "अन् माहीत नाई हे कबूल करून शोधाले निंगनं, त्याले अभ्यास म्हंतेत. तुमच्या शाळेत म्हंतेत थो नाई, मास्तरीनबाई."

लोकांना वाटायचं, या बाईच्या मागं काहीतरी दुःख असणार, त्याशिवाय या वयात कोण एवढं हिंडतं! बायका हळूच विचारायच्या, "ताई, तुमच्या घरी कोनी गेलं काय असं?" जाऊबाई म्हणायच्या, "नाई वं. माहा बाप अठ्ठ्याऐंशीचा हाये. केळापूरले ओट्यावर बसून दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटते." विचारणाऱ्या बाईची थोडी निराशा व्हायची.

मी शाळेत मराठी शिकवते. त्यामुळं पुस्तकी सूचना लिहायचं काम आपोआप माझ्याकडं आलं आणि वऱ्हाडी सूचना त्यांनी स्वतः तयार केल्या. सरावासाठी दवाखान्यातून एक रबरी पुतळा मिळाला होता. कमरेपासून वरचा, हात नसलेला, तोंड अर्धवट उघडं. त्याच्या बाजूला एक डबी होती. बरोबर खोल आणि बरोबर वेगानं दाबलं की तिच्यात हिरवा दिवा लागायचा, चुकलं की लाल. खेड्यांमध्ये त्याला 'पाव्हणा' नाव पडलं. पहिला प्रयोग आमच्याच घरी, शेजारच्या मावशींवर झाला. मावशी पुढच्या खोलीत पाव्हण्याजवळ, मी स्वयंपाकघरात फोन घेऊन. मी स्पष्ट उच्चारांत वाचलं, "तळहाताची टाच छातीच्या मध्यभागी ठेवा." मावशींना त्यातलं 'टाच' तेवढं नीट ऐकू गेलं. त्यांनी लुगडं जरा वर घेतलं, भिंतीला धरलं आणि उजव्या पायाची टाच पाव्हण्याच्या छातीवर ठेवली. "ठेवली. आता?" मी पुढचं वाक्य वाचलं, "आता शरीराचा संपूर्ण भार द्या." जाऊबाई धावल्या म्हणून पाव्हणा वाचला. मावशी मात्र आपल्या बाजूनं ठाम होत्या, "मी काहून चुकली? फोनवाल्या बाईनंच सांगतलं!" जाऊबाई त्यानंतर दोन दिवस माझ्याकडं बघून नुसत्या हसत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वऱ्हाडी सूचना मला दाखवल्या. त्यात लिहिलं होतं, 'गाडीत कापूस दाबतेत तसा दाब.' मी म्हटलं, "ताई, कापूस पायानंच तुडवतात." त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि ते वाक्य खोडलं. मग माझ्या कागदावरची 'टाच' मीही खोडली. असा आमचा दोघींचा सामना बरोबरीत सुटला.

अभ्यासात शिरल्यावर जाऊबाईंना संमतीचा नाद लागला. कुणाच्याही घरी आधी सगळं समजावून सांगायचं, 'तुमची मर्जी असेल तरच, आणि मधूनही नाही म्हणता येतं' हे बजावायचं, मग सही घ्यायची, असा तिथला नियम. तो त्यांनी घरीही लागू केला. जेवायला बसल्यावर माझ्या नवऱ्याला विचारायच्या, "भाऊजी, अजून एक भाकर वाढू काय? वाढली तं पोट जड होऊ शकते. नाई म्हनलं तरी आमी नाराज होनार नाई." त्यांना नुसती भाकर हवी असायची. एवढं सगळं ऐकेपर्यंत त्यांची भूक निघून जायची.

दुसरा नाद तालाचा. छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायची असते. हा वेग त्यांच्या बोटांत इतका भिनला, की कांदा त्याच वेगानं चिरायच्या आणि चटणीही त्याच वेगानं कुटायच्या. विहारात जयंतीच्या गाण्यांची तालीम चालायची, तिथं त्या घड्याळ घेऊन ढोलकीवाल्यासमोर बसल्या. "भाऊ, तुह्या या गान्यात मानूस मरते," त्यांनी मधेच थांबवून सांगितलं, "जरा उचल ताल." ढोलकीवाल्यानं बिचाऱ्यानं उचलला. त्या वर्षी मिरवणुकीत आमच्या गल्लीची गाणी बाकीच्यांच्या बरीच पुढं धावत होती आणि नाचणारी पोरं चौकात येईपर्यंत घामाघूम झाली होती. लोकांना मात्र ते आवडलं.

पण खरी जाऊबाई दिसायची ती चिठ्ठीच्या वेळी. कोणत्या घरी कोणत्या सूचना वाचायच्या, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. पाकीट फोडेपर्यंत त्यांनाही ठाऊक नसायचं. एका गावात सरपंचांच्या घरी माझ्या पुस्तकी सूचना निघाल्या आणि शेजारी वऱ्हाडी. सरपंचबाई म्हणाल्या, "आमाले शेजारनीसारखं पायजे." जाऊबाई म्हणाल्या, "बाई, मलेबी वाटते माहंच बरं हाये. मले वाटते म्हनूनच मले निवडू देत नाईत." मनातून त्यांना वऱ्हाडी जिंकावी असं फार वाटे. तरी माझं पाकीट निघालं की त्या मला दुप्पट दटावायच्या, "सुनंदा, नीट वाच. माह्या भाषेले जिकवाले तू मरगळून वाचशील तं याद राख." सुट्ट्यांमध्ये मी त्यांच्याबरोबर हिंडायचे. कुणाच्या तरी मागच्या खोलीत, धान्याच्या पोत्यांवर बसून फोनवर वाचायचे, "छातीच्या मध्यभागी दोन्ही हात एकमेकांवर ठेवा. कोपरं सरळ ठेवा. जोरात आणि जलद दाबा. मदत येईपर्यंत थांबू नका." पलीकडून पाव्हण्याच्या छातीचा खटखट आवाज यायचा आणि जाऊबाई कागदावर आकडे मांडत बसायच्या.

तीन महिन्यांनी त्याच बायकांकडं परत जायचं होतं, शिकलेलं किती लक्षात राहिलं ते पाहायला. असेच एका रविवारी आम्ही फुलसावंगीला कांताबाईंच्या घरी गेलो. कापूस आणि तुरीचं घर, मोठं अंगण. पहिल्या वेळी याच अंगणात त्यांचे मालक खाटेवर बसून बायकोची मजा बघत होते, "दाब, दाब, माह्यावरचा राग काढ," म्हणून चिडवत होते. या वेळी खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. कांताबाईंनी आम्हाला पाहिलं, पाव्हण्याची पिशवी पाहिली आणि त्या उंबऱ्यातच बसल्या. मालकांना जाऊन बारा दिवस झाले होते. शेतातून आले, पाणी मागितलं आणि तांब्या हातात घ्यायच्या आधीच अंगणात कोसळले.

जाऊबाईंनी पिशवी दाराआड सरकवली. "बाई, आमाले ठाव नोहोतं. आमी जातो. तुमचं नाव काढून टाकतो," त्या म्हणाल्या.

"नोका काढू," कांताबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "फोनवरच्या बाई तुमीच ना?"

मी मान हलवली.

"तुमचा आवाज कानात होता. मदत येईपर्यंत थांबू नका म्हने. मी नाई थांबली. गाडी आली तं त्या मानसानं मले धरून उठवलं, तवा थांबली." त्यांनी दाराआडच्या पिशवीकडं बोट केलं. "मले परीक्षा द्याची हाये. मले पाह्याचं हाये माहं काय चुकलं."

मी जाऊबाईंकडं पाहिलं. मला वाटलं, त्या नको म्हणतील. पण त्यांनी नेहमीसारखं सगळं सांगितलं, मर्जी असेल तरच, मधूनही थांबता येतं, आणि पाव्हणा अंगणात मांडला. सूचना वाचायची गरज पडली नाही. कांताबाई गुडघ्यांवर बसल्या, हातावर हात ठेवला आणि दाबायला लागल्या. हिरवा दिवा लागला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, घाम नाकावर आला, दिवा हिरवाच. जाऊबाई "पुरे" म्हणाल्या तरी त्या थांबेनात. शेवटी जाऊबाईंनी त्यांचे हात आपल्या हातांत घेतले.

"बरोबर हाये?"

"बरोबर हाये. मी इतक्या गावात गेली, इतकं बरोबर कोनाचंच नोहोतं."

"मंग थे काहून नाई उठले?"

आमच्या जाऊबाईंकडं सगळ्या प्रश्नांना उत्तर असतं, आणि प्रश्न संपायच्या आत असतं. त्या दिवशी त्या कांताबाईंचे हात न सोडता त्यांच्याशेजारी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "माय, कवाकवा हात बरोबर असले तरी दिल परत चालू होत नाई. काहून, थे मले नाई माहीत. यवतमाळच्या डाक्टरलेबी पुरं माहीत नाई. माहीत असतं तं तुले सांगतलं असतं. पन तुह्या हाताची चूक नोहोती, हे मले माहीत हाये. हे मी लिहून देऊ शकतो."

कांताबाई तेव्हा रडल्या. बारा दिवसांत पहिल्यांदाच, असं त्यांची सून नंतर चहा देताना आम्हाला म्हणाली.

अभ्यासाची घरं आता संपली आहेत. पाव्हणा यवतमाळला परत गेला. तो जाताना जाऊबाईंनी त्याला पुसूनबिसून, जुन्या साडीत गुंडाळून एस.टी.त बसवून दिलं. निकाल अजून यायचा आहे, डॉक्टर आकडेमोड करताहेत. माझी मराठी जिंकते की तुमची, असं मी विचारलं की त्या म्हणतात, "जे खरं असंन थे जिकंन," आणि तिखट वाटायला घेतात.

महिन्यातून एक रविवार मात्र त्या फुलसावंगीला जातात. फाईल नाही, फॉर्म नाही. मागच्या खेपेला मीही गेले होते. आम्ही अंगणात बसलो आणि कांताबाई त्यांच्या मालकांबद्दल सांगत राहिल्या. बैलांना ते कसं आवाज द्यायचे, मोठ्या लेकीच्या लग्नात फेटा कसा सुटला, कुणाशी किती वर्षं बोलले नाहीत आणि काहून. जाऊबाईंनी एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही. दुपार कलली तेव्हा कांताबाई आम्हाला सडकेपर्यंत सोडायला आल्या, गाडी थांबवायला त्यांनीच हात केला.

परतताना दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बरंच अंतर जाऊबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "त्याईले तुरीचं वरन आवडत नोहोतं म्हने. अन् जलमभर तूर पेरली मानसानं!" आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. उमरखेड येईपर्यंत त्या पदरानं डोळे पुसत होत्या, आणि हसणं केव्हा थांबलं ते माझ्याही लक्षात आलं नाही.