कफीलची रायफल आणि माझी फुशारकी

माझी जीभ लहानपणापासून माझ्या पुढे धावते. तेलाच्या पैशाने जेद्दा शहर नव्याने बांधायला काढलं होतं, त्या वर्षांत मी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. एकदा चहाच्या सुट्टीत मी मालकासमोर सांगून बसलो, की आमच्या रत्नागिरीकडच्या घरात परवान्याची बंदूक आहे आणि रानडुकराच्या शिकारीला मी नेहमी जातो. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. फक्त शिकारीत मी हाकाऱ्या असायचो, म्हणजे डबा बडवत, ओरडत डुकराला बंदुकीसमोर आणायचं माझं काम, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच ठेवलं.

हा मालक म्हणजे माझा कफील. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच्या भरवशावर आणि पासपोर्ट त्याच्या कपाटात. पन्नाशीचा, मनाने चांगला, पण डोकं गरम. जन्म कापडाच्या दुकानात गेलेला, आणि आता चार पैसे हाती आल्यावर त्याला वाळवंटातल्या शिकारीची हौस सुटली होती. "तुला यातलं कळतं. चल, यल्ला," म्हणत त्याने मला गाडीत घातलं आणि थेट बंदुकीच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने तीन रायफली मांडल्या. कफीलचा जीव नक्षीच्या दस्त्यावर जडला. मी ती रायफल उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं. नळी म्हणजे शेवटी आतून कातलेलं पोलाद, आणि तसलं काम तपासायचाच तर मला पगार मिळत होता. आत एके ठिकाणी काळी कडी दिसली, म्हणजे तिथे नळी फुगली होती. ती मी बाजूला सारली. दुसरीचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सारणारा दांडा, अडखळत होता. तिसरी दिसायला अगदी साधी, पण बोल्ट अलगद सरकला आणि नळी आतून आरशासारखी. "ही घ्या," म्हटलं. दुकानदारानेही मान डोलावली. कफीलने खूश होऊन माझ्या पाठीत अशी थाप मारली, की खरं सांगायची उरलीसुरली हिंमतही गेली.

परवान्यासाठी त्याने पोलीस कचेरीत खेटे घातले. प्रत्येक वेळी मी बाहेरच्या बाकावर बसून आज नकार मिळू दे म्हणून देवाला विनवायचो. पण एके दिवशी तो कागद फडकावतच बाहेर आला. "खलास! शुक्रवारी तू मला शिकवायचं. मग तुझ्या सुट्टीचं बघतो."

सुट्टी! दोन वर्षं मी घरी गेलो नव्हतो. माझ्या पाठीमागे झालेली मुलगी दीड वर्षाची झाली होती आणि मी तिला अजून पाहिलं नव्हतं. म्हणून मी हो म्हटलं.

कामगारांच्या कॅम्पात माझ्या खोलीवर गुहागरचा एक प्लंबर होता. तांदूळ निवडता निवडता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अरे मेल्या, तू त्याला काय शिकवणार? डबा वाजवायला?"

"खरं सांगितलं तर सुट्टी जाईल रे."

"सुट्टी पुढच्या वर्षी मिळेल. त्याला काही झालं, बोटंबिटं उडाली म्हणजे?"

मी त्याच्यावरच चिडलो आणि जेवलो नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही शहराबाहेर उघड्या वाळवंटात गेलो. कफीलने लांब एक रिकामं पिंप उभं केलं, गोळ्यांची पेटी उघडली आणि रायफल माझ्या हातात दिली. "आधी तू मार. मी बघतो."

मी एक गोळी उचलली. अंदाजाने बोल्ट मागे ओढला, आणि तिथेच माझा धीर सुटला. गोळी पेटीत टाकली आणि म्हणालो, "मी आयुष्यात एकदाही बंदूक उडवलेली नाही."

"घरात बंदूक आहे म्हणालास ना?"

"वडिलांची आहे. परवान्यावर ज्याचं नाव, त्यानेच चाप ओढायचा, असा त्यांचा दंडक. मी फक्त पुसून ठेवायचो."

"आणि शिकारीत काय करायचास?"

"ओरडायचो."

त्याने गोळ्यांची पेटी बंद केली. मग म्हणाला, "ओरड."

मी रायफल त्याला परत दिली आणि छातीत होता नव्हता तेवढा दम घेऊन हाकारा दिला. कफील हसत हसत वाळूत बसला. पण उठला तेव्हा चेहरा उतरला होता. "आणि मी तुझं ऐकून गोळी झाडणार होतो," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रायफल मागच्या सीटवर टाकून त्याने गाडी शहराकडे वळवली. सुट्टी गेली, हे मी धरूनच चाललो होतो. कॅम्पच्या फाटकाशी त्याने गाडी थांबवली, समोरचा खण उघडला आणि माझा पासपोर्ट काढून पुढे केला. सुट्टीच्या व्हिसाचा शिक्का तीन दिवसांपूर्वीचा होता.

"आज द्यायचाच होता. मुलीला भेटून ये. मी फौजेतला कुणी शिकवणारा शोधतो."

मला रडूच कोसळलं. मुलगी दिसणार म्हणून तर होतंच. पण पासपोर्ट धरलेल्या त्या हाताची पाचही बोटं जागच्या जागी होती, आणि मी त्यांच्याकडेच बघत होतो.