तुरीच्या दाण्याएवढं मलम

भाद्रपद सरताना आमच्या हुलसूरच्या शिवारावर एक दमट, उष्ण वास रेंगाळत असतो. काळ्या मातीचा, कमरेएवढ्या वाढलेल्या तुरीचा आणि फवारणीच्या औषधाचा. त्या वर्षी घरात शिरताना त्यात आणखी एक वास मिसळायचा, गुलाबासारखा गोड आणि कापरासारखा किंचित थंड. तो माझ्या मुलीच्या, भाग्यश्रीच्या उशीच्या अभ्र्याला यायचा. तिच्या चेहऱ्यावर लावायच्या त्या क्रीमच्या तीन ट्यूबा मीच दुकानातून आणून दिल्या होत्या, म्हणून त्या वासाचं मला कौतुकही होतं.

भाग्यश्री तेव्हा बारावीला होती. रोज सकाळच्या बसने बसवकल्याणच्या कॉलेजला जायची. कपाळावर आणि गालांवर मुरमं उठू लागली तशी ती ओढणी डोळ्यांखालपर्यंत बांधू लागली, आणि मला माझं सतरावं वर्ष आठवू लागलं. माझ्या डाव्या गालावर सात खळगे आहेत. बाभळीच्या काट्याने मुरमं फोडण्याची ती किंमत, आणि रोज दाढी करताना वस्तरा त्या सातही ठिकाणी अडखळतो. तिच्या गालावर असा एकही खळगा पडू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून कमठाण्याची माझी थोरली बहीण, अक्का, लग्नघरातल्या नवऱ्या मुली लावतात ती ट्यूब घेऊन आली, तेव्हा मी काहीही न विचारता हात पुढे केला. आठ दिवसांत चेहरा आरशासारखा झाला. ती ट्यूब संपल्यावर मी दुकानातून एकामागून एक आणखी तीन आणल्या. त्यानंतर गाल लाल पडले, उन्हात गेलं की आग होऊ लागली, गालांवर बारीक लव दिसू लागली, आणि क्रीम एक दिवस चुकली तरी मुरमं दुपटीने उठू लागली. भाग्यश्री सलग नऊ दिवस कॉलेजला गेली नाही, तेव्हा घटस्थापनेच्या आठवड्यात मी तिला बिदरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

बाईंनी आधी ट्यूब मागितली आणि खिडकीच्या उजेडात धरली. या क्रीममध्ये स्टेरॉईड आहे, ते सूज दाबतं पण कातडी पातळ करतं, असं त्या शांतपणे सांगत राहिल्या. मुरमं अंगातल्या उष्णतेने येत नाहीत की मळाने. वयात येताना कातडीखालच्या तेलाच्या गाठी जाग्या होतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात, आणि म्हणून घासून घासून चेहरा धुतल्याने ती जात नाहीत. क्रीम आजपासून बंद. काही आठवडे चेहरा आणखी बिघडेल, घाबरायचं नाही. फरक दिसायला किमान बारा आठवडे लागतील.

परतीच्या बसमध्ये भाग्यश्री बराच वेळ ती ट्यूब उलटीसुलटी करत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अप्पा, तुरीच्या औषधाची बाटली भिंग लावून वाचताव. मग ही कामून न्हाई वाचली?"

आवाजात राग नव्हता. पंपात किती मिली औषध जायचं ते मी सिरिंजने मोजतो, फवारणीची तारीख वहीत लिहितो. पिकाला जे कधी दिलं नसतं ते, न वाचता, मुलीच्या गालाला दिलं होतं.

बारा आठवडे म्हणजे तीन अमावस्या, म्हणजे येळवस. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडे घरंच्या घरं रानात जेवायला जातात. पहिल्या महिन्यात सांगितल्याप्रमाणे सगळं बिघडलं. मी रविवारी सकाळी अंगणातल्या उजेडात तिची मुरमं मोजू लागलो. एकेचाळीस, मग सेहेचाळीस. तिसऱ्या रविवारी तिने तळहाताने गाल झाकला आणि आत गेली. चुलीपुढून बायको म्हणाली, "पोरगी हाय ती. शेंगा मोजल्यावानी काय मोजायलाव?" त्या दिवसापासून मी मोजणं सोडलं.

ती मात्र बाईंनी सांगितलेला नेम सोडत नव्हती. दोन वेळा साध्या साबणाने हलक्या हाताने चेहरा धुवायचा, बाहेर पडताना उन्हापासून जपणारं मलम. आई रोज मायेने डोक्यावर थापायची ते खोबरेल आता फक्त शनिवारी, तेही कपाळ वाचवून. निजताना बाईंनी दिलेलं दुसरं मलम तुरीच्या दाण्याएवढं घ्यायचं आणि ते मुरमावर न थापता सबंध चेहऱ्यावर पसरायचं, कारण ते उद्या येऊ पाहणाऱ्या मुरमांसाठी होतं. बिदरहून आल्यावर दहाव्या दिवशीच ती ओढणी बांधून पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. पिकलेल्या मुरमाकडे बोट जायचं, मध्येच थांबायचं, आणि वहीवर परत यायचं. त्या थांबणाऱ्या बोटाकडे पाहताना वाटायचं, माझ्या सतराव्या वर्षी एवढी ताकद माझ्यात नव्हती.

येळवशीला रानात हवा कोवळी, गार होती आणि तूर शेंगांनी वाकली होती. आंबिलाची घागर डोक्यावर घेण्यासाठी भाग्यश्रीने तीच ओढणी पिळून तिची चुंबळ केली, आणि उघड्या चेहऱ्याने बांधावरून पुढे चालू लागली. हनुवटीवर पाच मुरमं होती. मोजायचं नाही ठरवूनही मोजली गेली.

पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढे जेवायला बसल्यावर अक्का सगळ्यांना सांगू लागली, "माझ्याच ट्यूबचा गुण हाय ह्यो. माझ्या धाकट्या पोरीसाठी आनिक एक घेतलीय बघा," आणि तिने पिशवीतून ती काढली. तोच गुलाबी वास. पंगतीत पंधरा माणसं होती. भाग्यश्रीने ट्यूब घेतली, उलटी केली, आणि माझ्या हातात दिली.

"अप्पा, तुम्हीच वाचा. मोठ्यानं."

मी भिंग काढलं. इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नये, इतकंच मी मराठी करून वाचलं, आणि पुढे, कुणी विचारलेलं नसताना, म्हणालो, "मी तीन आणल्या होत्या. एकही वाचली न्हाई."

अक्काने ट्यूब परत मागितली नाही. थोड्या वेळाने भाग्यश्रीला तिने बिदरच्या बाईंचा पत्ता विचारला, आणि वाढणाऱ्यांनी भज्जी, येळवशीची ती मिसळ भाजी, पुढे नेली.

मी भाग्यश्रीकडे पाहिलं. ऊन सरळ तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं, पाच मुरमांसकट, आणि ती त्या उन्हातून सरकली नाही. अभिमान वाटावा असं त्या चेहऱ्यात नेमकं काय होतं, ते मला वहीत लिहिता आलं नसतं. एवढं मात्र जाणवलं, की माझा हात नकळत डाव्या गालावर गेला होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खळगे न मोजता तो खाली आला.