सविताचं न जुळलेलं उत्तर

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. बायकोपाशीसुद्धा न्हाई. तुम्हाला सांगून राह्यलो — का, ते माझं मलाच नीट कळत न्हाई.

आष्टीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमच्याकडं प्रयोगाची रीत उलटी. उत्तर आधी फळ्यावर, आकडे मंग त्याच्या मापानं. गरम पाणी गार पाण्यात ओतायचं, तापमान बघायचं; वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातला फरक. एकानं गमावलेली उष्णता दुसऱ्यानं मिळवलेल्या उष्णतेएवढी — बराबर. सगळी पोरं जुळवायची. मीच तसं शिकवलं होतं, मंग दोष कुणाला देऊ?

सवितानं जुळवलं न्हाई. शंभर ग्रॅम गरम पाणी, शंभर ग्रॅम गार; दोन्हींना वेगवेगळं थर्मामीटर, आणि मिसळलेलं पाणी गार पाण्याच्या थर्मामीटरनं मोजलेलं. गमावलेली उष्णता सत्तावीसशे कॅलरी, मिळवलेली एकोणीसशे. तिनं पुन्हा करून पाह्यलं — तेच. थोडी उष्णता हवेत, भांड्यात जाते, पण आठशे? "सर, गरम पाण्याचं थर्मामीटर जास्त दाखवतंय का?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

जास्तच दाखवत होतं. आदल्या दिवशी माझ्याच हातून पडल्तं. आतला पारा तुटून वर सरकला होता, आणि मी ते गुपचूप पेटीत ठेवून दिल्तं. तेवढं बोललो असतो तर काय आभाळ कोसळलं असतं? पण पोरांसमोर कमीपणा कोण घेणार — मी म्हणालो, "थर्मामीटर ठीक आहे. तुझंच डोकं ठिकाणावर न्हाई." वर्ग हसला.

तिथंच थांबलो असतो तरी — पण न्हाई. दहावीनंतर तिचे वडील शेतातून तसेच आल्ते. "मास्तर, पोरीला जालन्याला सायन्सला घालावं म्हणतो. झेपंल का तिला?"

अख्ख्या वर्गात खरं मोजणारी ती एकटी, हे मला ठाऊक होतं. पण मला भीती वाटली. तिथं कुणीतरी तिला सांगेल, की ती चुकली नव्हती. मी म्हणालो, "न्हाई झेपायचं."

त्यांनी ऐकलं. माझ्या शब्दाला तेवढी किंमत होती.

परवा सविता शाळेत आल्ती. तिची लेक आता माझ्याच वर्गात आहे. "सर, हिच्याकडं लक्ष ठेवा," ती म्हणाली. "माझं डोकं चालत नव्हतं, ते तुम्ही वेळेवर सांगितलं म्हणून बरं झालं."

टोमणा नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं — इतकी वर्षं वाटत आलंय. मी मान हलवली, आणि "ठेवतो लक्ष" म्हणालो.