कुंडी न सुटलेली जास्वंद

तीस वर्षं बागकामात घालवलेल्या माळीकाकांच्या लेखी सगळे मालक एकजात दीडशहाणे, आणि हे साहेब तर त्यांचे मेरुमणी. गेल्या वर्षी यांची जुनी जास्वंद कुंडीतून काढून जमिनीत लावताना काकांनी गोल वेढे घेतलेल्या मुळांना, ती मोकळी होऊन बाहेर पसरावीत म्हणून, सुरी लावली, तर साहेब अंगावर धावून आले. "मुळं कापतोस? अक्कल गहाण टाकलीस का?" मनातल्या मनात शिव्या हासडत काकांनी झाड तसंच लावलं.

आज ते वाळलेलं झाड त्यांनी एका हाताने उपटलं. मुळं अजून कुंडीच्याच आकारात!

"बघा साहेब, एवढी जमीन दिलीत, पण एक मूळ बाहेर पडलं नाही."

तेवढ्यात साहेबांचा चाळिशीचा मुलगा दारात आला. "बाबा, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ?"

काकांनी सुरी मिटून खिशात टाकली. इथे आता तिचा काही उपयोग नव्हता.