मामा आणि सासरा यांच्यामधली भिंत

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोपरगावात एका कॉलेजच्या संगणक कक्षात मी तीन दिवस एका लाल रेघेशी झुंजत होतो, आणि चौथ्या दिवशी माझे मामा कर्जतहून एस.टी.नं माझ्या लग्नाची तारीख धरायला येऊन थडकले. मुलगी त्यांचीच. मला ती बायको म्हणून नको होती. लहानपणी तिनं मला इतक्यांदा विहिरीत ढकललं होतं, की तिथले मासे मला पाहुणा समजायचे. पण मामांना 'नाही' म्हणायची छाती अख्ख्या जिल्ह्यात कुणाची नव्हती.

आमच्या सरांनी परदेशातून एक सॉफ्टवेअर मिळवलं होतं, ऑन्टॉलॉजी एडिटर. कुठली गोष्ट कशाचा प्रकार, कुणाचं कुणाशी काय नातं, हे त्यात खाने पाडून भरायचं. म्हणजे संगणकाला शब्दांमागचा अर्थ कळतो, असं सर म्हणायचे. सरावासाठी मी आमचं घराणंच भरायला घेतलं. यंत्र इतकं हळू, की 'आत्या' टाकून बटण दाबलं की उत्तर येईपर्यंत उसाला तुरा यायचा. वडिलांच्या लग्नापर्यंत आलो आणि लाल रेघ उमटली: एकच माणूस 'मामा' आणि 'सासरा' या दोन्ही खान्यांत बसू शकत नाही. मी यंत्र बंद केलं, चालू केलं, फ्लॉपी पुसली, नऊ वेळा पाणी पिऊन आलो. रेघ जागची हलेना.

चूक चौथ्या दिवशी सापडली. खाने पाडताना 'मामा' आणि 'सासरा' यांच्यामध्ये 'कधी एकत्र येणार नाहीत' अशी खूण मीच करून ठेवली होती. ती काढायला माऊस नेला, आणि दारात मामा. मी हात मागे घेतला.

"बघा मामा, कॉम्प्युटर म्हणतोय, मामा सासरा होऊच शकत नाही. परदेशी शास्त्र आहे!"

मामांनी टोपी काढली, पडद्याला नाक लावलं. "ह्यो लाल झालेला कोन हाय?"

"तुमचे वडील."

"म्हंजी माझा बाप तुझ्या बापाचा मामाबी हुता आन् सासराबी. आन् ह्यो डबा म्हनतोय, तसं हुतच न्हाई?"

"हो."

"मंग तुझ्या आईबापाचं लगीन झालंच न्हाई! आरं भाचेबुवा, तू कुठनं उगवलास?"

त्या गार खोलीत मला घाम फुटला. तेवढ्यात सर आले.

"अरे, ही भिंत तूच घातलीस की!" म्हणत वाकून त्यांनीच खूण काढली. रेघ गेली. सरही गेले.

"सुटला न्हवं गुंता?" मामा हसले. "धरू वैशाखातली?"

"मामा, मला हे लग्न करायचं नाही."

आवाज असा फुटला, की पलीकडचे तिघे टाइप करायचे थांबले. मामा टोपी बोटांवर फिरवत राहिले. मी गाल तयार ठेवला.

"मंग त्वांडानं बोलायचं. डब्याच्या आडून काय बोलतुस?" ते हळूच म्हणाले. "पोरगीबी नगंच म्हनती. तिला दटावून आलोय मी." त्यांनी दाराकडं बघितलं. "पन आक्काला कोन सांगनार?"

आक्का म्हणजे माझी आई, त्यांची थोरली बहीण. हे लग्न तिनंच ठरवलेलं.

"तुम्ही तिचे भाऊ."

"तू तिचा ल्योक."

घराकडची दुपारची एस.टी. आम्ही दोघांनी मिळून मुद्दाम चुकवली. नंतरचीही.