पनवती जावयाचा अधिक महिना

आमच्याकडं जावयाला खरा मान मिळतो तो अधिक महिन्यात. साधारण तीन वर्षांनी एकदा तो महिना येतो. जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, अनारशांचं ताट हातात देतात आणि पुढच्या अधिक महिन्यापर्यंत विसरून जातात. माझं तसं नव्हतं. माझा अधिक महिना दरवर्षी यायचा. तो पंचांगात नसायचा, टेनिसच्या वेळापत्रकात असायचा.

त्या दोन खेळाडूंची नावं सांगायची गरज नाही. माझा म्हणजे एका हातानं बॅकहँड मारणारा, ज्याच्या शर्टाची इस्त्री पाचव्या सेटमध्येही मोडत नसे. सासऱ्यांचा म्हणजे डावखुरा, प्रत्येक सर्व्हिसच्या आधी नाक, कान, केस सगळं जागेवर आहे का ते चाचपून बघणारा. सासरे स्वतः डावखुरे. नांदेडकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, हैदराबादेत सरकारी नोकरी करून रिटायर झालेले. लहानपणी डाव्या हातानं लिहितो म्हणून मास्तरांनी त्यांच्या बोटांवर पट्ट्या मारल्या होत्या. त्यामुळं डावखुऱ्याचा प्रत्येक फोरहँड त्या मास्तरांना बसायचा असा माझा अंदाज आहे.

"तो राबतो," ते म्हणायचे. "तुमचा नुसता नाचतो."

मी सासऱ्यांना कधीच पसंत नव्हतो. त्यांना सरकारी नोकरीवाला जावई हवा होता आणि मुलीनं आणला कोचिंग क्लासात गणित शिकवणारा. आम्हीही हैदराबादेतच राहतो, हिमायतनगरला. क्लास मात्र दिलसुखनगरला, सासऱ्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. क्लास सुटल्यावर स्टेशनकडं जायचा रस्ता त्यांच्या बाल्कनीखालूनच आहे. इतक्या वर्षांत 'चहाला येत जा' असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि न बोलावता जिना चढायला माझा पाय धजला नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी फायनल बघितली, तेव्हा माझा हरला. पुढच्या वेळी बघितली, परत हरला. तिसऱ्या वेळी मॅच पॉइंटनंतर सासऱ्यांनी टीव्हीऐवजी माझ्याकडं बघितलं. एखाद्या माणसाचा उपयोग अचानक कळावा, तसं बघितलं.

पुढच्या फायनलला त्यांचा स्वतः फोन. "जावईबापू, रविवारी इकडंच या जेवायला." मी हुरळून गेलो. बायकोला म्हणालो, बघ, शेवटी माणूस ओळखला त्यांनी. गेलो तर टीव्हीसमोर त्यांची स्वतःची वेताची खुर्ची मला दिलेली. सासूबाई गरम धपाटे आणत होत्या, वर दही, लसणाची चटणी. मी पाणी प्यायला उठलो तर सासरे म्हणाले, "बसा बसा, पाणी इथंच येईल." माझा तीन सेटमध्ये आडवा झाला. सासऱ्यांनी जाताना गल्लीच्या टोकापर्यंत सोडलं.

घरी आल्यावर बायकोनं माझ्या भ्रमाचा भोपळा फोडला. "अवो, पप्पांनी तुम्हाला जावई म्हणून नाही बोलावलं. पनवती म्हणून बोलावलं. तुम्ही बघितलं की तुमचावाला हरतो."

मी तिला समजावलं. मी पोरांना संभाव्यता शिकवतो. नाण्याला आधीचं काही आठवत नसतं हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. हैदराबादेत सोफ्यावर बसलेल्या माणसामुळं सातासमुद्रापलीकडचा चेंडू नेटमध्ये जात नाही. ती म्हणाली, "हौ हौ, फळ्यावर लिवा."

मग ती मेलबर्नची फायनल आली. नेमका त्या रविवारी मी दुपारभर आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं उलथीपालथी करत राहिलो आणि फोन घरी विसरलो. परत आलो तर माझा जिंकला होता, तेही पाच सेटमध्ये, मागून पुढं येऊन. मी त्यातला एक चेंडू बघितला नव्हता. फोनवर सासऱ्यांचे मिस्ड कॉल ओळीनं लागले होते. पुढं कित्येक दिवस ते मुलीशी बोलताना माझा उल्लेख 'ते आबिड्सवाले' असा करत.

त्या दिवशी माझं गणित संपलं. माझ्या खेळाडूवर खरं प्रेम असेल तर त्याची मॅच न बघणं हेच माझं कर्तव्य होतं. निश्चय केला. पण पुढच्या वेळी फोन वाजला, पलीकडून "जावईबापू" ऐकू आलं आणि मी शर्ट बदलायला उठलो. धपाट्यांसाठी दैवत विकलं असं बायको म्हणते. धपाटे निमित्त होते. त्या घरात कुणीतरी माझी वाट बघतंय, दार वाजायच्या आधी उघडतंय, हे मला फार हवं होतं. त्यासाठी एका भल्या माणसाला परदेशात हरावं लागत होतं, त्याला माझा इलाज नव्हता.

मग माझ्या खेळाडूनं रॅकेट कायमची खाली ठेवली. शेवटच्या सामन्यात दोघे एकाच बाजूनं खेळले आणि नंतर शेजारी बसून रडले. मी ते सकाळी चहा करताना मोबाइलवर बघितलं आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. बायको म्हणाली, "तो तुम्हाला ओळखत तरी होता का?" ओळखत असता तर माझ्यापासून दूर पळाला असता. पण मला रडू दुसऱ्याच गोष्टीचं येत होतं. ज्याला हरवायला मी लागत होतो, तोच उठून गेला होता.

फोन बंद झाले. डावखुरा अधूनमधून खेळत होता, कधी जिंकतही होता, पण समोर माझा नव्हता. मी रोज त्या बाल्कनीखालून मान खाली घालून जात राहिलो. एक अधिक महिना आला, धोंडे खाल्ले, सासऱ्यांनी "क्लास कसा चाललाय" विचारलं, मी "बरा" म्हणालो. बोलणं तिथंच संपलं.

आणि मग डावखुऱ्याच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी फोन आला.

"जावईबापू, या."

"मामा, आज मी कशाला? माझा कुठं खेळतोय?"

"हौ, माहीत हाय मला."

"आणि आज मला तुमचाच जिंकायला हवाय. मी बघितलं की तो गेला समजा."

"तो जाणारच हाय. अंगात काही राहिलं नाही त्याच्या. एकट्यानं बघवंना मला. या तुम्ही."

सासूबाई बहिणीकडं गेल्या होत्या. धपाटे नव्हते. सासऱ्यांनी स्वतः केलेला गोडमिट्ट चहा आणि बशीत उस्मानिया बिस्किटं होती. वेताची खुर्ची होती, पण टीव्हीकडं पाठ करून ठेवलेली.

"तरी पण," ते म्हणाले, "उगाच रिस्क नको. तिकडं तोंड करून बसा."

मी बसलो. तो सामना मी सासऱ्यांच्या तोंडावर बघितला. ते मला मध्येमध्ये सांगत होते, आता नाक, आता कान, आता सर्व्हिस. मग सांगायचे थांबले. टाळ्यांचा आवाज खूप वेळ येत राहिला आणि त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले. मी वळलो नाही.

"माझ्यामुळं नाही ना मामा?" मी विचारलं.

"नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही कुठं बघितलं?"

निघताना चपला घालत, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आता रविवारी बघायला कुणीच राहिलं नाही."

"रविवारचं राहू द्या. क्लास सुटला की वर येत जा. रोज मान खाली घालून निघून जाता. मी बाल्कनीत उभाच असतो."