तात्यांचे कप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय.

मिरजगावजवळच्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक होतो. गावात तात्या होते. तरुणपणी मोटारींच्या शर्यतीत जीप चालवायचे. नाशिक, पुणे, कुठकुठले घाट — जायचे आणि कप घेऊन यायचे. एकदा जीप उलटली, मणका गेला, शर्यती संपल्या. पुढे बायको वारली, तेव्हा मुलीनं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. तिच्या फ्लॅटमध्ये कपांना जागा नव्हती. म्हणून तात्यांनी ते पोत्यांत भरून शाळेत आणून दिले. "सर, पोरांच्या नजरंला पडूद्या. काचेचं कपाट तेवढं करा." मी हो म्हणालो.

कपाट झालंच नाही. खेळाच्या खोलीत पोती तशीच पडून राहिली.

मग तालुक्याच्या स्पर्धा आमच्या शाळेत भरल्या. नगरहून बक्षिसं आणायचं काम माझं होतं — आणि मी विसरलो. साफ विसरलो. पाहुणे यायला दोन तास उरले होते. मुख्याध्यापकांना काय सांगणार होतो? मी खोलीचं दार लावून घेतलं आणि स्क्रू-ड्रायव्हरनं कपांवरच्या तात्यांच्या नावाच्या पट्ट्या काढल्या. वर स्पर्धेचे स्टिकर चिकटवले आणि तेच कप बक्षीस म्हणून वाटले. कुणाला कळलं नाही. कळलं नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी पोती रिकामी झाली.

तेव्हापासून कुणी चहाला बोलावलं की माझी नजर आधी कप शोधायची. टीव्हीशेजारी, फडताळात, कुठंतरी तात्यांचा कप असायचाच. स्टिकर सुटला तर? खालची भोकं कुणी पाहिली तर?

अशात तात्यांचा फोन आला. झेंडावंदनाला येतो, कपाट बघायचंय.

ती आख्खी रात्र मी पंख्याकडे बघत काढली. सकाळी मुख्याध्यापकांना सांगितलं, कप जागेवर नाहीत. त्यांनी विचारलं, "कुलूप तुटलंय?" नाही म्हणालो. "मग किल्ली कुणाकडे असते?"

"सोपानकडे."

खोटं नव्हतं ते. एक किल्ली सोपानकडे असायची. दुसरी माझ्या खिशात होती — ते मी बोललो नाही.

सोपान आमचा कंत्राटी शिपाई. पाथर्डीकडचा. घरचे सगळे दरवर्षी ऊस तोडायला जाणारे, शाळेतल्या या नोकरीमुळे त्याच्या हातातला कोयता तेवढा सुटला होता. आठवड्याच्या आत त्याला काढलं. तो माझ्याकडे आला. बायको फाटकाबाहेर उभी होती. "सर, मी कदी खडूचा तुकडा तरी घरी नेला का? तुमी तरी सांगा की सायबांना."

"बघतो," म्हणालो, आणि दार लावलं.

तात्या आले. त्यांना चोरीचं सांगितलं. कुणावर आळ आला तेही त्यांना कळलं. झेंडावंदनानंतर वैशालीच्या वडिलांनी त्यांना चहाला नेलं. वैशाली आमची धावपटू, तालुक्यात पहिली आलेली. मलाही जावं लागलं, गेलो नसतो तर कुणाच्या डोळ्यांवर आलं असतं. टीव्हीशेजारी कप होता. तात्या काठी टेकत उठले, कप हातात घेतला, वळवून पाहिला. एका बाजूचा तुटलेला कान कधीतरी डाग देऊन जोडलेला होता, त्या जोडावरून अंगठा फिरवला. मी हातातली कपबशी खाली ठेवली. त्यांनी कप जागेवर ठेवला. वैशालीला म्हणाले, "लई जोरात पळतीस म्हनं तू."

बाहेर गाडीपाशी ते थांबले. आम्ही दोघंच होतो.

"सर, कप पोरांकडं गेलेत, बरं झालं. माज्या घरात धूळच खात हुते. पन त्या सोपानला माघारी बोलवा. मी कुनाला काय बोलनार न्हाई."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. आणि मी — मी काय म्हणालो, ऐका.

"कसले कप, तात्या?"

त्यांनी काठी गाडीत ठेवली. मग गाडीत बसले. परत गावात आले नाहीत. गेल्या वर्षी पुण्यातच वारले. ते कुणाला काही बोलले नव्हते. तरी ती बातमी ऐकली तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं — हेही सांगून टाकतो.

सोपान मला त्यानंतर एकदाच दिसला. हायवेवर, उसाच्या टोळीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांवर बसलेला. शेजारी बायको, आणि मुलगी. ती तेव्हा आमच्या शाळेत सहावीला असायला हवी होती. त्यानं मला ओळखलं. हात जोडले. मी मोटारसायकल वळवली आणि ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत पेट्रोल पंपाच्या मागे उभा राहिलो.

त्याचं गाव मला माहीत आहे. तासाभराचा रस्ता आहे. मी गेलेलो नाही.